शनिवारपर्यंत सांगता येणार नाही

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं मूर्खपणा करावा, पण लेकीच्या स्थळासमोर तरी करू नये! मी नेमका तिथंच केला.

मी बारामतीत एका शाळेत गणित शिकवतो. दारू नाही, तंबाखू नाही. नाद एकच, गूढ शब्दकोड्यांचा. कोडी सोडवायचा नाही हं, ते कुणीही करेल! आमच्या स्पर्धेत दर महिन्याला एक शब्द देतात आणि त्याचं शोधसूत्र आपण रचायचं. म्हणजे असं वाक्य, की उत्तर त्यात समोर बसलेलं असावं आणि दिसू मात्र नये. नियम कडक. निकालाआधी आपलं सूत्र कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही.

त्या महिन्याचा शब्द होता 'कारखाना'. शाळा सुटली की मी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसायचो. चिठ्ठीवर लिहायचो, खोडायचो, बोटांवर अक्षरं मोजत पुटपुटायचो. कुणी जवळ आलं की चिठ्ठी खिशात. फारच जवळ आलं तर फाडून टाकायचो!

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सोयरीक ठरण्याआधी मुलाकडचे गुपचूप चौकशी करून जातात, आणि ती करायची कुठं? चहाच्या टपरीवर! इंदापूरच्या शंकररावांच्या मुलाचं स्थळ आमच्या स्वातीला आलं होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. शंकरराव स्वतः एका साखर कारखान्यात ऊस विभागाला. तेही टपरीवर चहा पिऊन गेले. टपरीवाल्यानं इमानदारीत सांगितलं, "सर मानूस चांगला हाय. पर त्या चिठ्ठ्यांचं काय ते कळंना."

रविवारी शंकरराव बायकोला घेऊन घरी आले. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी घसा खाकरला.

"सर, राग मानू नका. पर त्या चिठ्ठ्या कसल्या?"

मी दचकलो. हे सूत्र फुटलं की संपलं! "ते आत्ता सांगता येणार नाही. शनिवारी निकाल आहे."

"निकाल?"

"हो. दर महिन्याला असतो."

"किती वर्सं चाललंय ह्ये?"

"झाली की बारा."

"कदी नंबर लागला का?"

"एकदाही नाही. पण या वेळी बघाच तुम्ही!"

शंकररावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं पर्स उचलली. दाराशी उभ्या स्वातीच्या डोळ्यांत पाणी. आणि मला, गणिताच्या मास्तराला, अजून उत्तर येईना!

शेवटी माझी बायको सुनंदा कडाडली, "अहो, त्यांना वाटतंय तुम्ही मटका खेळता! काय ते सांगून टाका एकदाचं!"

एकीकडे पोटची लेक, दुसरीकडे स्पर्धेचा नियम. खोटं कशाला बोलू, मी क्षणभर विचार केला. त्याची आजही लाज वाटते. मग खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचली, "गाडीला कप्पा जोडा, मग ऊस आणा."

शंकरराव गंभीरपणे म्हणाले, "कप्प्यात किती ऊस मावनार सर? ट्रॉली जोडा की."

"तसं नाही हो! गाडी म्हणजे कार, कप्पा म्हणजे खाना. कारखाना!"

"मग सरळ कारखाना म्हना की."

"सरळ म्हटलं तर ते कोडं कसलं?"

"बरं. बक्षीस काय हाय ह्येला?"

"शब्दकोश."

"आन त्यो बी बारा वर्सांत न्हाय गावला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेतली शंका गेली होती आणि तिच्या जागी दया आली होती. बायकोला हळूच म्हणाले, "मानूस गरीब हाय गं. कुनाला तरास न्हाय. ठरवून टाकू."

सूत्र सोमवारी पाठवायचं होतं. नियम मोडला म्हणून मी ते काही पाठवलं नाही. पण लेकीचं ठरलं, मी खूश होतो. साखरपुड्यात शंकरराव मला हाताला धरून त्यांच्या पाहुण्यांत फिरवत होते. "हे आमचं व्याही, बारामतीचं सर. मटका खेळत्यात."

मी त्यांना बाजूला ओढलं. "अहो शंकरराव, तुम्हाला तर खरं माहीत आहे ना!"

"म्हाईत हाय की. पयल्या दोघांना खरंच सांगितलं. अर्धा तास गेला, आन शेवटी त्येंनीच इचारलं, सरांना डॉक्टरला दाखवलं का? मटका म्हनलं की लोकांला झटक्यात पटतंय."