माझा तीनदा मोजलेला शोध

आधी तो कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. तर काय झालं, मी एक वैज्ञानिक शोध लावला होता. चांगला दहा दिवस टिकला!

पुण्यात प्रयोगशाळेत माझं काम कार्बनच्या नळ्यांवर. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. त्यांच्यावर लेझरचा उजेड टाकायचा. त्या उजेडानं आतला इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि त्याच्या उडीनं नळी थरथरते. कसं सांगू? पोरानं खाटेवर उडी मारली की खाट करकरते ना, तसं. आणि नुसत्या करकरीवरून स्वयंपाकघरातल्या आईला कळतं, कोण नाचतंय! आम्हीही परत येणाऱ्या उजेडाचा जरासा बदललेला रंग बघून थरथर ओळखतो. संगणकावर त्या थरथरीच्या आलेखाचे सुळके उमटतात. नळीचा सुळका कुठे येणार, हे आम्हाला पाठ असतं.

आता दसऱ्याला आमच्या मळवलीत ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मग माझ्या लेझरनंच काय घोडं मारलंय? दसऱ्याची सुट्टी, म्हणून पूजा आदल्या दिवशी, शुक्रवारी. आबांनी, म्हणजे वडिलांनी, परसातल्या हळदीची पुडी दिली. पण माझ्या गाइड मॅडम कडक. म्हणाल्या, "फूल वाहा. यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही."

नाही लावलं! नळ्यांच्या डबीला लावलं. झाकणावर एकच बोट. शब्द पाळला की नाही?

बोट कोटाला पुसलं, डबी उघडली, नळ्यांची काचपट्टी काढली, लेझर सोडला. आणि काय सांगू! नेहमीच्या सुळक्याला खेटून दुसरा सुळका! असा पूर्वी कोणी पाहिला नव्हता. इलेक्ट्रॉन नळीला नवीनच नाच शिकवत होता!

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा मोज."

मोजला. तीनदा मोजला. तीच काचपट्टी, तोच सुळका.

मग मॅडमही खुलल्या. सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी शोधनिबंध पाठवायचा, असं ठरलं. माझ्या आयुष्यातला पहिला निबंध! मी घरी गेले, कोट धुण्यात टाकला आणि बातमी फोडली. आबांनी मळवली स्टेशनावर पेढे वाटले. नळीचं काय झालंय हे कोणालाच कळलं नाही, पण पेढे संपले.

पुढच्या रविवारी मॅडमना जेवायला बोलावलं. इंद्रायणीचा भात, वर तूप. आबांच्या उत्साहाला ऊत आला होता.

"म्याडम, ह्यो शोध पोरीचा खरा, पन हळद आमची बरं का!"

"कसली हळद?"

"आवो, मशीनच्या पूजेची! ट्रॅक्टरला लावली त्यातलीच पुडी बांधून दिली. लय जातिवंत हळद, एकदा लागली की सुटत न्हाई!"

मॅडमचा घास हातातच राहिला. माझा घशात.

"कुठे लावलीस?"

"डबीला."

"मोजलंस कधी?"

"...लगेच."

"हात धुतलेस?"

मी भाताकडे बघितलं. भात काही बोलला नाही.

निबंध गेला, पीएचडी गेली, आता आयुष्यभर भात लावायचा, असं मला वाटलं. पण मॅडम अशा हसल्या, अशा हसल्या, की आईनं घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला.

सोमवारी नवी डबी, नवी पट्टी, तीनदा धुतलेले हात. दुसरा सुळका गायब! मग मॅडमनी नुसती चिमूटभर हळद लेझरखाली ठेवली. आला की नाही सुळका, अगदी त्याच जागी, ऐटीत!

संध्याकाळी तोंड पाडून घरी फोन केला. आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, माउली आता समजूत घालेल.

"आगं, येवढ्यासाठी लेझर?" आई म्हणाली. "तुज्या पांढऱ्या कोटावर हळदीचा ह्यो एवढा डाग व्हता. दोन दिस उन्हात घालून म्या काडला. तवाच इचारलं असतंस, तर पेढे तरी वाचले असते!"