हसण्याचा तास

भाचीचा दाखला आणायला महापालिकेच्या हायस्कूलमध्ये गेलो. वर्गांवर आता अ, ब, क नाही, धंद्यांच्या पाट्या आहेत: ऑटोमोबाईल, ब्यूटी, रिटेल. रिटेलच्या वर्गात पुस्तकांच्या कपाटात साबणाची रिकामी खोकी मांडली होती आणि नववीच्या मुली गिऱ्हाइकाकडे बघून हसायचा सराव करत होत्या.

"दात दिसू देत गं," बाई म्हणाल्या.

मला शिसारी आली. हाताला कसब शिकवा, कोण नको म्हणतंय, पण हसूसुद्धा?

दारातल्या मुलीला विचारलं, "तुला काय आवडतं?"

तिने तेच हसू काढलं. "आपल्याला काय दाखवू, सर?"

त्या वयात आम्ही असले प्रश्न विचारणाऱ्या आगाऊ माणसाची पाठ वळली की वेडावून दाखवायचो. मी मुद्दाम पाठ वळवली, जरा थांबलो आणि पटकन मागे पाहिलं.

ती अजून हसतच होती.