गेला का खाली?

मटाराच्या निम्म्या शेंगा सोलायच्या राहिल्या होत्या, तोच वहिनी परात बाजूला सारून उठल्या. त्यांच्या नवऱ्याची, घड्याळजींची, जेवायची वेळ झाली होती. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या ताटासमोर बसण्याचा नेम चार वर्षांत देवपूजेइतकाच पाळला गेला होता.

घड्याळजींच्या घशात कर्करोग निघाला तेव्हा डॉक्टरांनी स्वरयंत्राचा काही भाग काढला, बाकीचा वाचवला. आवाज राहिला, फाटक्या पोत्यातून वाळू गळावी तसा, पण स्वतःचा. गिळणं मात्र नव्याने शिकावं लागलं. श्वास रोखायचा, गिळायचं, खोकायचं, पुन्हा गिळायचं. वाट चुकलेला घास थेट फुप्फुसात. पहिल्याच वर्षी दोनदा न्यूमोनिया झाला. तेव्हापासून घरात जेवताना हसायला बंदी, रेडिओ बंद, आणि घासागणिक वहिनींचा प्रश्न, "गेला का खाली?"

आज थोरल्या बहिणीचा फोन आला होता. परवा डोळ्याचं ऑपरेशन आहे, दोन दिवस ये. आई गेल्यावर तिनेच वहिनींना लहानाचं मोठं केलेलं. तरी वहिनी "बघते" एवढंच म्हणाल्या. चार वर्षं त्या सगळ्यांना बघतेच म्हणत आल्या होत्या.

"जा की," घड्याळजी म्हणाले. "मी काय कुकुलं बाळ आहे?"

"आधी तोंडातला गिळा." त्या थांबल्या. "गेला का?"

"गे..." आणि जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंत? आणि म्हणे जा."

खोकून घसा मोकळा झाल्यावर त्यांनी श्वास गोळा केला. "दुकानात रोज दुपारी खातो. शेजारचा शिंपी समोर बसून नको ते बरळत असतो. ठसका लागत नाही. तिथे मला कोणी विचारत नाही."

"म्हणजे?"

"तू विचारतेस, मी घास तोंडात धरून उत्तर देतो. नाही दिलं तर तू उठून उभी राहतेस."

"अहो, मग सांगायचं नाही का इतके दिवस?"

"सांगायला तोंड रिकामं कधी ठेवलंस?"

वहिनींना हसू आलं नाही. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि पाठ करून ओट्याशी उभ्या राहिल्या. बाहेरून खोकला आला. नेमाचा की अडकल्याचा, नुसत्या आवाजावरून कळेना. त्यांनी देवाचं नाव घेतलं, तर नामाच्या मधेमधे तोच प्रश्न ओठांवर येत राहिला. पुन्हा खोकला. पाय दाराकडे वळले. ओट्याची कड त्यांनी घट्ट धरली. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना, ते खोकल्याहून वाईट.

शेवटी घड्याळजी रिकामं ताट घेऊन आत आले. "झालं."

वहिनींना सुटल्यासारखं काही वाटलं नाही. बहिणीच्या घरीही जेवायच्या वेळेला कान इकडेच लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पदराला हात पुसले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि त्या बसस्थानकाकडे निघाल्या, उद्या सकाळच्या गाडीचं एक तिकीट काढायला.