मुक्तिधामच्या रजिस्टरातलं नाव

माझी सगळी नोकरी देवासच्या एका कार्यालयात लोकांचे फॉर्म तपासण्यात गेली. कुणाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की मी कागद परत करायचो. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ते खोटं नाही. बायकोच्या आधार कार्डावर माहेरचंच नाव राहिलं होतं, ते मी कधी बदलून घेतलं नाही.

एका सकाळी ती घरीच वारली. डॉक्टरांनी दाखल्यावर सासरचं नाव लिहिलं, कारण त्यांच्या फायलीत तेच होतं. दुपारी चार शेजाऱ्यांनी खांदा दिला. आम्हांला मूलबाळ नाही, आणि धारचे माझे नातेवाईक एकेक करून आधीच गेलेले.

मुक्तिधाम म्हणजे आमच्याकडचं स्मशान; तिथल्या खिडकीतल्या माणसानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "बाबूजी, डॉक्टर कुछ लिख रिया है, कार्ड कुछ और बोल रिया है. रजिस्टर में किसको चढ़ाऊँ?"

मला राग आला, पण त्याच्यावर नाही. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मी त्याला सांगितलं, आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. मी लिहिलेलं नावसुद्धा माझ्या आईनं ठरवलेलं होतं.

"तो दो जने लिख के दे दो, कि दोनों नाम एक ही के हैं. एक आप. दूसरा कौन?"

दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिचे भाऊ गेले, माझी आई गेली. शेजारी तिला नुसतं काकी म्हणायचे. तिची दोन्ही नावं ठाऊक असलेला मी एकटाच राहिलोय, हे मला त्या खिडकीपाशी कळलं. इतकं एकटं मला सकाळीही वाटलं नव्हतं.

खांदेकऱ्यांपैकी समोरच्या घरातले मास्तर पुढे झाले. "आप मुझे दोनों नाम बता दो," ते म्हणाले, "फिर मेरा लिखा झूठ नहीं होगा."

माहेरचं नाव सहज सांगितलं. सासरचं मात्र ओठांवर येईना. आमच्या घरात नवरा बायकोचं नाव घेत नसे. चाळीस वर्षं मी 'अगं'वरच भागवलं होतं. मास्तर पेन धरून थांबले होते.

शेवटी मी ते मोठ्यानं उच्चारलं आणि मागे तिरडीकडे पाहिलं. तिला ते कधी माझ्या तोंडून ऐकायचं होतं का, हे मी विचारलंच नव्हतं.