गोट्याची पहिली सहल आणि तिसऱ्या मजल्यावरची धुरी

थीम पार्कला जायचं ते बाळासाठी, असं आम्ही गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. धादांत खोटं. दहा महिन्यांच्या बाळाला कुकरचं झाकण दिलं तरी त्याची सहल होते. जायचं होतं ते मला. सोमवारपासून मी पुन्हा क्लासवर रुजू होणार होते. लातुरात मी अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, आणि गेले दहा महिने मी शी, ढेकर आणि दात या तीनच विषयांवर बोलत होते. त्या सोमवारच्या आधी मला एकदा तरी मोठ्या पाळण्यात बसून मनसोक्त किंचाळायचं होतं.

अडचण एकच, पण ती आठ किलोची होती. बाळाचं नाव रुद्रांश. आमच्या गल्लीत आणखी तीन रुद्रांश आहेत, म्हणून आमचा गोट्या. गोट्या माझ्याशिवाय कुणाकडे राहत नसे. बापाकडे दोन मिनिटं, आजीकडे फार तर पाच. आणि सोमवारपासून त्याला दिवसभर आजीकडेच राहायचं होतं. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांचे गुडघे इतके दुखतात की ओट्याच्या दोन पायऱ्याही त्या तिरक्या होऊन उतरतात. हे पोर रांगत सुटलं तर त्या काय करणार, या विचाराने माझी झोप उडाली होती. शिवराजचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं साधं होतं. दोन दिवस सगळे बरोबर राहू, आजी-नातवाची गट्टी जमेल. दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. प्रत्येक गोष्ट एकमेकांत बसतेच, यावर त्याचा विश्वास आहे.

पार्क नांदेडच्या बाहेर आहे. नाव लिहीत नाही. आम्ही तिथे जे केलं, त्यानंतर त्यांना आमची आठवण करून देण्यात शहाणपण नाही.

शनिवारी सकाळी सहाला निघायचं ठरलं, म्हणून आठला निघालो. बाळाबरोबर जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच की वेळ ठरवूच नका. आम्ही गाडी सुरू केली की गोट्या लंगोट बदलायला लावायचा, असं तीनदा झालं. डिकीत त्याच्या दोन पिशव्या, आमची एक आणि आत्याबाईंची एक गोणी. गोणीत काय आहे, हे मी विचारलं नाही. लग्नाला चार वर्षं झाल्यावर माणूस काही प्रश्न विचारायचं सोडतो.

लातूर-चाकूर-अहमदपूर-लोहा-नांदेड असा सरळ रस्ता आहे. बिनबाळाचे अडीच-तीन तासांत पोचतात, आम्हाला पाच लागले. चाकूरला चहा घेतला. चहावाल्याने गोट्याच्या हातात पारले बिस्किट दिलं आणि पैसे घेतले नाहीत. अहमदपूरच्या पुढे एका लिंबाखाली गाडी थांबवून गोट्याला दूध पाजलं. तेवढ्यात आत्याबाईंनी धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी काढली. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना हरभरा, आणि शेजारून ऊस भरलेले ट्रॅक्टर गाणी लावून चाललेले. रस्त्यावरच्या ढाब्यांबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण आत्याबाई गाडीत असताना ढाब्यावर जेवणं हा आमच्याकडे घरभेदीपणा समजला जातो.

पार्कच्या दारात पिशव्या तपासतात. बाहेरचं खाणं नेता येत नाही, फक्त बाळाचं चालतं. तपासणीच्या बाईने आत्याबाईंच्या हातातला डबा उघडला. आत चौदा धपाटे.

"हे काय आजी?"

"लेकराचं हाय."

"दहा महिन्यांचं लेकरू एवढे धपाटे खातंय?"

"वाढतं अंग हाय त्याचं," आत्याबाई म्हणाल्या आणि डबा बंद करून पुढे चालू लागल्या. ती बाई हसली आणि तिने आम्हाला सोडलं. तुम्हाला हे जमेलच असं नाही. त्यासाठी तशी सासू लागते.

बाळ घेऊन येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. तीन फुटांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण त्यांना बसता येईल असे पाळणेही दोनच. एक झुकझुक गाडी आणि एक गोल फिरणारे घोडे. दोन्हींत मांडीवर घेऊन बसू देतात. दूध पाजायला प्रथमोपचाराच्या खोलीशेजारी पडदा लावलेली जागा आहे, स्वच्छ आहे. बाबागाडी आणू नका, सगळीकडे पायऱ्या. गोट्याने झुकझुक गाडीत जांभया दिल्या. घोड्यावर तो झोपला. हत्तीचं सोंग घेतलेला एक माणूस प्रेमाने त्याच्याजवळ आला, तर गोट्याने असा टाहो फोडला की हत्तीच त्याची माफी मागून निघून गेला. सगळ्या पार्कात त्याला एकच गोष्ट आवडली, बेडकाच्या तोंडाची कचराकुंडी. तिच्यासमोर आम्ही पाऊण तास उभे होतो. मोठ्या माणसांचं तिकीट काढून कचराकुंडी बघणारं आमचं एकच कुटुंब असावं.

संध्याकाळी मी मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभी राहिले. मोठा पाळणा म्हणजे रुळांवरून वर जाणारी आणि उलटी होऊन खाली येणारी गाडी. गोट्याला आत्याबाईंकडे दिलं आणि दहा पावलं गेले असेन, की मागून भोंगा सुरू झाला. वळून बघितलं तर तो निळा पडत होता आणि आत्याबाई त्याला खुळखुळा दाखवत होत्या. मी परत आले. दहा मिनिटांनी पुन्हा गेले, पुन्हा परत आले. तिसऱ्यांदा रांगेतल्या एका बाईने माझ्याकडे बघून मान हलवली. "आमचं पण असंच होतं ताई. आता सातवीत हाय. हाक मारली तरी येत न्हाई." मला रडू यायला लागलं होतं. पाळणा राहिला याचं नाही, सोमवारचं. दहा पावलांवर हे हाल, तर सहा तास मी क्लासमध्ये पेशी कशा शिकवणार होते?

मुक्काम पार्कच्याच हॉटेलात होता. तळमजला मागितला होता, मिळाला तिसरा. भाडं जिवाला लागलं, पण सकाळचा नाश्ता त्यात धरलेला असतो, म्हणून शिवराजने दुःख आवरतं घेतलं.

आता धुरीचं सांगायला हवं. आमच्याकडे बाळाला आंघोळ घातली की धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा, लसणाची सालं, वावडिंग टाकायचं आणि त्या धुरावर बाळाला शेकायचं. दहा महिन्यांच्या पोराला धुराची गरज नसते, उलट तो छातीला वाईट, हे मी जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून घरात पुष्कळदा सांगितलं आहे. त्यावर आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं. "तुझ्या नवऱ्याला दीड वर्स दिली की. काय झालं त्याला?" मी नवऱ्याकडे बघते आणि उत्तर गिळते.

रविवारी सकाळी शिवराज नाश्त्याच्या रांगेत पहिला नंबर लावायला खाली गेला. आत्याबाईंनी गोट्याला आंघोळ घातली. तो झोपाळला होता, म्हणून त्या मला म्हणाल्या, "जा तू, निवांत न्हाऊन घे." दहा महिन्यांत मला हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. मी आत गेले, नळ पूर्ण सोडला आणि केसांना शाम्पू लावला. गोणीत काय आहे, हे विचारायला पाहिजे होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. गोणीत गोवऱ्या होत्या. कापूर होता. आणि एक लोखंडी घमेलं.

एकदम भोंगा वाजायला लागला. आधी मला वाटलं, गोट्या. मग लक्षात आलं, इतका मोठा आवाज त्याचाही नाही. केसांना फेस तसाच ठेवून मी गाऊन अडकवला आणि बाहेर आले. खोलीत धूर. मधोमध घमेलं धुमसत होतं, वर छताला लाल दिवा लुकलुकत होता. बाळ नव्हतं. आत्याबाई नव्हत्या. दार सताड उघडं.

मी खूप घाबरले. लिफ्ट बंद झाली होती आणि मला पायरीपायरीवर एकच दिसत होतं, माझी सासू बाळासकट गडगडत खाली पडलेली. अनवाणी तीन मजले मी कशी उतरले ते आठवत नाही. खाली हिरवळीवर सगळं हॉटेल जमलेलं. कुणी टॉवेलात, कुणी हातात इडलीची ताटली घेऊन. ताटलीवाल्यांत माझा नवरा पहिला होता. आणि बदामाच्या झाडाखाली आत्याबाई मांडी घालून बसलेल्या, पदराखाली गोट्या. गाढ झोपलेला.

"तुम्ही तीन जिने उतरलात?" मला दुसरं काही सुचेना.

"मग काय करती? कुठंतरी आग लागली म्हने. लेकरू उचललं अन् निघाले."

"गुडघे?"

"गुडघे कुठले बघायलीस? लेकरू हातात व्हतं."

"आणि मी आत होते की, आत्याबाई."

"तुला दोन हाका मारल्या. नळ चालू व्हता." त्यांनी गोट्यावरचा पदर सारखा केला. "तू मोठी हायस. तू येशील म्हनलं."

तेवढ्यात हॉटेलचे सलीमभाई जिन्यावरून खाली आले. साफसफाईवर देखरेख करणारे वयस्कर गृहस्थ. हातात जाड फडक्याने धरलेलं आमचं घमेलं. सगळ्यांसमोर ते उंच धरून त्यांनी विचारलं, "ये किसका है?"

शिवराज इडलीत बघायला लागला. मी झाडात बघायला लागले. आत्याबाईंनी हात वर केला. "माझं हाय. इझवलं का काय? अजून लेकराचा शेक ऱ्हायलाय."

म्हणजे आग कुठे लागली होती, हे त्यांना अजून उमगलंच नव्हतं. सलीमभाईंनी घमेल्यात वाकून वास घेतला. त्यांचा चेहरा बदलला. "अजवाइन? लहसन? अम्मा, लोबान नहीं डाले क्या? हमारी अम्मी तो लोबान भी डालते थे."

"हाय की लोबान. वर पिशवीत ऱ्हायलं."

टॉवेलातली माणसं हसायला लागली. मॅनेजर येऊन कडक आवाजात म्हणाले, खोलीत काहीही पेटवायचं नाही. आत्याबाईंनी अगदी सरळ विचारलं, "मग कुठं पेटवू?" उत्तर सलीमभाईंनी दिलं. स्वयंपाकघरामागे मोकळ्या अंगणात त्यांनी आत्याबाईंना स्टूल दिलं, आणि लोबानासकट धुरी झाली. माझ्या जीवशास्त्राने मान खाली घालून ती बघितली. बाळ घेऊन हॉटेलात राहणाऱ्यांना सल्ला: सासूच्या सामानाची झडती घ्या, किंवा धूर ओळखणारं यंत्र नसलेलं हॉटेल बघा.

त्या धुरीत गोट्या जागा झाला. त्याने आजीच्या तोंडाकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं. मी खांबाआड होते, डोक्याचा फेस वाळून कडक झालेला. तो रडला नाही. त्याने आजीचं नाक धरलं.

दुपारी मी पुन्हा मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभी राहिले. या वेळी दहा पावलं गेले, वीस गेले, वळले नाही. चष्मा लॉकरमध्ये ठेवायला लावतात, त्यामुळे वर पोचल्यावर खाली कोण आहे ते काही दिसत नाही, सगळं नांदेड धुक्यात. मग गाडी खाली सुटली आणि मी किंचाळले. दहा महिन्यांचं सगळं त्यात किंचाळून घेतलं. शेजारी बसलेला कॉलेजातला मुलगा उतरल्यावर म्हणाला, "मॅडम, पाणी देऊ का?"

खाली धावत आले, तर गोट्या कचराकुंडीच्या बेडकासमोर आजीच्या कडेवर, तोंडाला चुरलेला धपाटा.

"रडला का?"

"कशाला रडंल?"

"मला शोधलं नाही?"

"न्हाई बाई."

हेच व्हावं म्हणून मी आले होते, आणि ते झालं तेव्हा मला फार वाईट वाटलं. सुटल्यासारखं वाटलं तेही खरं, पण आधी वाईट वाटलं. मी त्याला घेतलं. तो आला, पण जरा विचार करून. परतीच्या रस्त्यावर लोह्यापासून लातूरपर्यंत तो माझ्या अंगावर झोपून होता आणि मी त्याला एकदाही खाली ठेवलं नाही. आत्याबाई मागच्या सीटवर पाय लांब करून गुडघ्यांना बाम चोळत होत्या. जिन्यांचा हिशेब गुडघ्यांनी आता मांडला होता. मी म्हणाले, मी चोळून देते. त्या म्हणाल्या, तू लेकरू धर.

लोक विचारतात, एवढ्या लहान बाळाला थीम पार्कला नेऊन काय मिळतं. बाळाला काहीही मिळत नाही. त्याला बेडूकसुद्धा आता आठवत नसेल. पैसे जातात, पाठ जाते, आणि एका हॉटेलात आपला फोटो दारावर लागला असण्याची शक्यता राहते. पण मला इतकं कळलं की ज्या बाईच्या भरवशावर सोडायला मी घाबरत होते, तिला संकटात आधी काय उचलायचं हे मला शिकवायची गरज नव्हती. बाकी धुराबद्दलचं माझं मत अजून तेच आहे.

सोमवारी मी क्लासला निघाले तेव्हा गोट्या रडला. चांगला जोरात रडला. आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या, "जा तू. रडंल अन् ऱ्हाईल. मी हाव इथं." ऑटोत मीही रडले, ऑटोवाल्याने आरसा फिरवून घेतला. दहाला फोन केला, तो खेळत होता. अकराला केला, तो जेवत होता. साडेबाराला तिसरा केला, तर बराच वेळ कुणी उचलला नाही, आणि उचलल्यावर आत्याबाई अगदी हळू आवाजात बोलल्या.

"ठेव तो फोन. आत्ताच निजलंय, उठवतीस का काय त्याला?"