पादरीसाबांसाठी पारायण

छापलेलं एकही अक्षर न वाचता सोडलं नाही असा माणूस बीदरपासून कलबुर्गीपर्यंत एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा आहे. औरादच्या मराठी शाळेत ते मुख्याध्यापक होते. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. लग्नपत्रिका हातात पडली की अप्पा गणपतीच्या नमनापासून सुरू करतात आणि छापखान्याचं नाव वाचूनच थांबतात. पत्रिका द्यायला आलेला माणूस तोवर दारात ताटकळतो. औषधाच्या खोक्यातली ती मुंगीएवढ्या अक्षरांची चिठ्ठी भिंगाखाली पुरी वाचल्याशिवाय ते गोळी घेत नाहीत, आणि वाचून झाल्यावर तर मुळीच घेत नाहीत. ताई एकदा वैतागून म्हणाली, "अप्पा, आधी तोंडात टाका की ती!" तर म्हणाले, "मग कंपनीनं कामून छापलंय एवढं?"

त्यांच्या शेजारी एक निवृत्त पादरी राहायचे. अख्खं औराद त्यांना पादरीसाब म्हणायचं. त्यांच्याकडे दहा जाडजूड इंग्रजी खंड होते. ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीच्या शतकांत होऊन गेलेल्या एका पंडितानं बायबलावर केलेलं भाष्य, त्याचं झाडून सगळं लेखन. बदली होईल त्या गावाला या खंडांची पेटी घेऊन पादरीसाब फिरले. निवृत्त झालो की निवांत वाचू, म्हणायचे. निवृत्त झाले आणि साखरेच्या आजारानं डोळे गेले. एकदा बोलता बोलता ही हळहळ त्यांनी अप्पांना सांगितली. अप्पा म्हणाले, "डोळे माझे, कान तुमचे. हाय काय अन् न्हाई काय!"

आता अप्पांना वाचणं म्हणजे पारायण, दुसरा प्रकार ठाऊक नाही. रोज दुपारी चारला अंघोळ, धूतवस्त्र, बसायला पाट, समोर चौरंगावर खंड. क्रम मोडायचा नाही, मधलं गाळायचं नाही, प्रकरण संपेपर्यंत उठायचं नाही. आधी इंग्रजी, मग त्याचा मराठी अर्थ. पानाचा आकडा, तळटीप, प्रकाशकाचा पत्ता, सगळं मोठ्यानं. पहिल्या खंडाच्या शेवटी शब्दांची सूची आली, तीसुद्धा त्यांनी अकरा दिवस वाचली! पादरीसाब खुर्चीतच घोरायला लागले. मी म्हटलं, "अप्पा, ते झोपलेत." तर मला म्हणाले, "झोपू दे की. कानात पडायलंय नव्हं!"

गावात बोलवा झाली की हेडमास्तर बाटले. ताईच्या जिवाला घोर लागला, कारण त्याच आठवड्यात तिच्या लेकीला बघायला उदगीरचे पाहुणे यायचे होते. ते आले ते नेमके सव्वाचारला. अप्पा शेजारच्या ओसरीवर, बायबलातल्या नोहाच्या जहाजाची, त्या तारवाची, लांबी-रुंदी चाललेली, उठणं शक्यच नाही. पाहुण्यांना तिथंच सतरंजीवर बसवलं, चहा तिथंच दिला. मुलाचे वडील बांधकाम खात्यातले. त्यांनी तारवाच्या मापांवर दोन शंका काढल्या, अप्पांनी त्या पाठीमागची पानं उलटून फेडल्या, आणि सोयरीक जमली. बाटल्याचं कुणी तोंडावर विचारलंच तर अप्पा म्हणायचे, "वाचणारा हमाल असतो रे. माल दुसऱ्याचा."

पादरीसाब बिचारे एकच गोष्ट मागत होते. तरुणपणी हुमनाबादला त्यांनी पहिला उपदेश केला होता, येशूच्या मेलेल्या मित्रावर. येशू त्या मित्राला थडग्यातून उठवणार होता, आणि तरी आधी रडला. का रडला? दोस्त होता म्हणून रडला, असं हे सांगून बसले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं सगळ्यांसमोर झापलं, "उठवणार हे ठाऊक असलेला देव रडतो कशाला? शिकून ये आधी!" ते शल्य यांच्या मनातून कधी गेलंच नाही. त्या म्हाताऱ्या पंडिताचं यावर काय म्हणणं आहे तेवढं त्यांना ऐकायचं होतं, आणि ते नवव्या खंडात होतं. "अप्पा, एकडाव नववा काढा की," ते म्हणायचे. अप्पांचं उत्तर ठरलेलं, "क्रमानं यील."

सहावा खंड अर्ध्यावर असताना पादरीसाबांच्या किडन्यांनी दगा दिला. त्यांच्या लेकीनं त्यांना कलबुर्गीला दवाखान्यात आणलं. मी इथंच कॉलेजात शिकवते, म्हणून डबा घेऊन जायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वॉर्डाच्या दारात अप्पा! पहाटेची एसटी धरून आलेले, अंघोळ नाही, पायात चपला तशाच, काखेत टॉवेलात गुंडाळलेला नववा खंड. स्टुलावर बसले आणि भराभरा पानं उलटायला लागले. मी मागं उभी होते, म्हणून मलाही दिसलं. ती गोष्ट जिथं सुरू व्हायची तिथंच मजकूर तुटला होता. खाली बारीक तळटीप होती, की इथून पुढचं मूळ भाष्य काळाच्या ओघात नष्ट झालं आहे.

"काय म्हणायलाय म्हातारा?" पादरीसाबांनी विचारलं. आवाज पार खोल गेला होता.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या तळटिपेवर बोट ठेवलं. "म्हातारा म्हणतोय," ते सावकाश बोलायला लागले, "येशूला ठाऊक व्हतं, दोस्त आत्ता उठून बसणार. पण ह्या घडीला दोस्त न्हाई, हे बी खरंच की. म्हणून रडला. त्यानं देवपण काय कमी झालं न्हाई."

"इंग्रजी वाचा की आधी."

"शीण हुईल तुम्हाला. अर्थ सांगायलोय नव्हं."

पादरीसाबांनी हात लांब करून खंड चाचपला. मग म्हणाले, "म्हंजे हुमनाबादला मी बरोबर व्हतो."

"शंभर टक्के," अप्पा म्हणाले. "छापलंय हितं."

चौथ्या दिवशी पादरीसाब गेले. लेकीनं दहाही खंड अप्पांनाच देऊन टाकले. सहाव्यातली खूण आहे तिथंच आहे. ऐकणारा नाही तर वाचायचं कुणाला, म्हणतात. मागच्या महिन्यात मी औरादला गेले तर अप्पा ओसरीवर एकटेच बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "अगं, वर पादरीसाबाची अन् त्या म्हाताऱ्याची गाठ पडली असंल की. आता कळलं असंल त्येला, मी छापलेलं वाचलं न्हाई म्हणून. रागावला असंल का गं?"

मी म्हटलं, "अप्पा, त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं असेल, तुम्ही असंच लिहिलं होतं ना म्हणून. आणि म्हाताऱ्यानं हो म्हटलं असेल."

"व्हय?"

"व्हय."

"मग बरं हाय," अप्पा म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले.