दयाराम भोईरांचे कान

जूचंद्रच्या दयाराम भोईरांना साहेब घडवायची सवयच लागली होती. वसईच्या एका गाळ्यात ते सव्वीस वर्षं मशिनं दुरुस्त करत होते. डिप्लोमावाला नवा पोरगा यायचा, वर्षभर ‘काका, हे कसं? काका, ते कसं?’ करत त्यांच्याकडून शिकायचा आणि मेंटेनन्सच्या खुर्चीत बसून त्यांनाच कामं सांगायचा. असे तीन झाले. तिसरा सोडून गेला तेव्हा दयारामांनी मालकांना, धनेशशेठना, सरळ विचारलं, “चौथा मीच का नको?”

“डिप्लोमा आणा, खुर्ची तुमची. तोवर रिकामी ठेवतो,” शेठ म्हणाले.

झालं! एकोणपन्नासाव्या वर्षी हा माणूस चष्मा लावून मोबाइलसमोर बसला. तीन वर्षं, कामावरून आल्यावर रोज ऑनलाइन तास. गणित सुरुवातीला अंगावर आलं. पण यंत्रांच्या विषयात ते शिकवणाऱ्यांच्याच चुका काढू लागले. अभ्यासाला ते कधी घाबरले नाहीत. छळलं ते कॅमेऱ्याने. परीक्षेत नजर स्क्रीनवरून हटली की ताकीद, आणि तीन ताकिदी झाल्या की परीक्षा रद्द. दयारामांची खोड अशी, की गणित करायचं तर पंख्याकडे बघायचं आणि यंत्राचा आवाज आला की मान तिकडे वळायचीच. सराव परीक्षा बाराव्या मिनिटाला बंद पडली.

मग बायकोने, आशालताबाईंनी, सूत्रं हातात घेतली. अभ्यासाच्या वेळी त्या समोर पोळपाट मांडून बसायच्या आणि नवऱ्याची नजर वर गेली की लाटणं आपटायच्या.

“आवो, वर काय बगता? पंख्यावर लिवलंय का उत्तर?”

महिन्याभरात मान वठणीवर आली. शेवटच्या परीक्षेच्या दिवशी तर बाईंनी इमारतीच्या वॉचमनला दम भरला, “बारा वाजल्याबिगर पान्याचा पंप लावायचा नाय!”

लेखी पेपर एकाही ताकिदीविना पार पडला. उरली तोंडी परीक्षा, त्याच कॅमेऱ्यासमोर. पण साडेअकराला वरच्या मजल्यावरचं पाणी संपलं आणि वॉचमनने पंप लावला. पंप किरकिरू लागला. दयारामांची मान गेलीच. पहिली ताकीद. पुन्हा किरकिर, पुन्हा मान. दुसरी. दाराबाहेर आशालताबाईंनी कपाळावर हात मारला.

“भोईर, तिकडे कोण आहे?” परीक्षक मॅडमचा आवाज चढला. “कोणी उत्तरं सांगतंय का?”

दयारामांनी नजर स्क्रीनवर रोवली. “पंप आहे, मॅडम. बेअरिंग गेलंय, तेच सांगतोय तो.”

मॅडमनी हेडफोन कानाशी दाबला. “कशावरून बेअरिंग? कपलिंग का नाही?”

इथे दयाराम सुटले. मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग वाकडं असेल तर दर फेऱ्याला ठोका पडतो. ही किरकिर सलग आहे, म्हणजे ग्रीस सुकलंय, आठवड्याभरात पंप जाम होणार. कारणं, मापं, उपाय, सगळं वीस मिनिटं धडाधड. नजर तसूभर हलली नाही. मॅडमनी यादीतले पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

डिप्लोमा हातात आला आणि शेठ शब्दाला जागले. पहिल्या दिवशी अख्खा गाळा बघायला जमला. दयाराम खुर्चीत बसले, तशी ती कुरकुरली. ते उठले, खुर्ची उलटी केली, स्क्रू आवळला, तेलाचा थेंब सोडला आणि मग ऐटीत बसले. त्याच खुर्चीत तीन साहेब बसून गेले होते. तिची कुरकुर एकालाही ऐकू आली नव्हती.